भोवऱ्याच्या रांगेतल्या चपला

कल्पिता सहावीत आहे आणि आमच्या गावच्या शाळेत सत्तर टक्के मिळवलेली ती एकटीच. हे टक्के परीक्षेतले नव्हेत. सरकारी डॉक्टरांनी तिचे पाय तपासून प्रमाणपत्रावर लिहून दिलेले आहेत. अल्पेश तिच्याच वर्गात आहे आणि गणितात कधी चाळिशीच्या वर गेलेला नाही. त्याचं म्हणणं, अभ्यास न करता कुणाला सत्तर टक्के देणं हा बाकीच्यांवर अन्याय आहे. कल्पिता त्याला म्हणते, "तू पन जा. डोकं तपासून घे. तुला शंभर देतील."

असं हे शाळेचं वातावरण. मी तिथून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण सहलीला मोठं माणूस कमी पडलं की विनेश सर मला निरोप पाठवतात आणि मी डबा भरते. या वर्षी सहल चौलच्या पुढे नव्याने झालेल्या वॉटर पार्कला होती. पोरांनी त्या पार्कचे व्हिडिओ दिवाळीपासून इतक्या वेळा पाहिले होते की कुठे काय आहे हे त्यांना तिथल्या नोकरांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. सगळ्यांचा जीव 'भोवरा' नावाच्या खेळात अडकला होता. चार जणांनी एका गोल रबरी होडीत बसायचं. उंच मनोऱ्यावरून ती होडी पन्हळीत सोडतात आणि ती गरगरत, आपटत, पाणी उडवत खाली तळ्यात येऊन पडते. चाळीस सेकंदांचा मामला.

त्या चाळीस सेकंदांसाठी कल्पिता, शिवानी, नेत्रा आणि तुळशी या चौघींनी तीन महिने आधी शपथ घेतली होती. बसायचं तर चौघींनी एकाच होडीत. जी दुसऱ्या होडीत बसेल तिच्याशी परीक्षा संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. कल्पिताला त्या सहलीत दुसरं काहीही नको होतं. बसमध्ये तिने भेंड्या खेळल्या नाहीत, चिवडा खाल्ला नाही. एकदाच तोंड उघडलं ते ड्रायव्हर सदूमामांना विचारायला, की परत कितीला निघायचं. सदूमामा म्हणाले, चारला म्हणजे चारला, नंतर आलेल्याने एसटीने यावं.

भोवऱ्याच्या तोंडाशी धनेश नावाचा माणूस उभा होता. तिशीचा असेल, निळा शर्ट, गळ्यात शिटी. चाकाची खुर्ची पाहून त्याचा चेहरा उजळला. पार्कने नुकताच एक नियम केला होता आणि तो वापरायची संधी त्याला अजून मिळाली नव्हती. त्याने कल्पिताच्या मनगटाला पिवळा पट्टा बांधला आणि सांगितलं, तुला रांगच नाही. रांग सदुसष्ट पायऱ्या चढून वर जाते, तिथे खुर्ची जायची नाही. मागच्या अंगाला होड्या वर न्यायची लिफ्ट आहे, तीतून थेट वर जायचं आणि पुढच्याच होडीत बसायचं. सोबत एक जण.

"आमी चौघीजनी हाव," कल्पिता म्हणाली.

धनेशने मागच्या बोर्डाकडे बोट केलं. दिव्यांग व्यक्ती व सोबत एक. अक्षर चांगलं होतं.

तीन महिन्यांची शपथ दोन मिनिटांत मोडीत निघाली. शिवानीचं म्हणणं, रोज शाळेपर्यंत खुर्ची मी ढकलते, तेव्हा सोबत मीच. नेत्रा म्हणाली, मी तिची मावसबहीण आहे, ढकलायला काय, कुणीही ढकलतं. तुळशीने काही मुद्दा मांडला नाही, ती सरळ रडायला लागली. अल्पेश पुढे झाला आणि म्हणाला की भांडण नको असेल तर तो स्वतः सोबत जायला तयार आहे.

रांगेत पुढेच डोंबिवलीचे एक काका बायकोसोबत उभे होते. पोरांनी नंतर त्यांचं नाव डोंबिवलीकर ठेवलं, मीही तेच वापरते. ते मोठ्याने म्हणाले, "जाऊ द्या हो तिला, बिचारी." मग बायकोकडे वळून हळू आवाजात, यांचं बरं असतं, आपण इथे तासभर तापायचं. कल्पिताच्या कानांना डॉक्टरांनी एकही टक्का दिलेला नाही. तिने दोन्ही वाक्यं ऐकली आणि मला वाटतं, पहिल्याचाच तिला जास्त राग आला.

तिने धनेशला सांगितलं की तिला लिफ्ट नको, ती नंबर लावणार. धनेशने विचारलं, पायऱ्यांवर कसा लावशील. शिवानीने तोड काढली, आम्ही तिघी रांगेत उभ्या राहतो, तू बाईंजवळ सावलीत बस, नंबर आला की लिफ्टने वर ये.

"तासभर मी एकटी काय करू?" कल्पिता म्हणाली. "बाईंसंगं पाढे म्हनू?"

मला त्यात काही गैर वाटलं नाही.

मग त्या चौघींनी जे केलं ते आमच्या गावच्या माणसाला वेगळं वाटलं नसतं. त्या रांगेच्या शेवटी गेल्या, पायातल्या चपला काढल्या आणि एकामागे एक नीट जमिनीवर मांडल्या. सगळ्यांत पुढे कल्पिताची निळी, पिवळ्या फुलाची. ती चप्पल दोन वर्षांची आहे आणि तिचा तळ अजून कोरा आहे. मांडून झाल्यावर चौघी मोकळ्या मनाने सुरूच्या झाडांखाली निघून गेल्या. तिघी अनवाणी, टाचा उचलत.

आमच्याकडे रेशनची रांग अशीच असते. दुकान उघडतं दहाला, माणसं येतात सातला. तीन तास उन्हात कोण उभं राहणार, म्हणून चप्पल उभी राहते आणि माणूस समोरच्या ओट्यावर बसून गप्पा मारतो. रांग हलली की मागच्याने आपल्या पुढच्या चपला पायाने सरकवायच्या, एवढाच नियम. तो कुणी लिहिलेला नाही. कल्पिताची आजी ठमाबाई ओट्यावर बसून सगळ्यांवर लक्ष ठेवते. तिला गावातली प्रत्येक चप्पल मालकासकट पाठ आहे. मागच्या वर्षी सरपंचांच्या मुलाने आपली चप्पल तीन जागा पुढे नेली, तेव्हा तिने ती उचलून सगळ्यांसमोर शेवटी नेऊन ठेवली होती. या मुलींना रांग म्हणजे हीच. दुसरी रांग त्यांनी पाहिलेलीच नव्हती.

झाडांखाली त्यांनी डबे उघडले. कल्पिताने बसमध्ये न खाल्लेला चिवडासुद्धा संपवला. चौघी पत्ते खेळल्या, विनेश सरांच्या चालण्याची नक्कल केली, पुन्हा शपथ घेतली. तासाभराने नंबर जवळ आला असेल म्हणून भोवऱ्याकडे गेल्या.

चपला होत्या. जिथे ठेवल्या होत्या तिथेच, इंचभरही हललेल्या नव्हत्या. सगळी रांग त्यांना ओलांडून वर गेली होती आणि नवी माणसं त्यांना वळसा घालून उभी होती.

मी पुष्कळ मुलांचे पुष्कळ प्रकारचे चेहरे पाहिले आहेत, पण असे चार चेहरे पाहिले नव्हते. कुणी चप्पल चोरली असती तर त्यांना समजलं असतं. चोर असतातच. पण शंभर माणसं पुढे सरकतात आणि पुढची चप्पल कुणीच सरकवत नाही, हे त्यांच्या डोक्यात बसेना. नेत्राने मला विचारलं, या लोकांना कुणी शिकवलं नाही का.

धनेशला सगळं कळलं. तो रेवदंड्याकडचा, चपलांची रांग त्याच्या ओळखीची होती. पण त्याला आता मनोऱ्यावर जाऊन होड्या सोडायच्या होत्या. त्याने सांगितलं, आता रांग दीड तासाची आहे, तुमची बस चारची. पट्टा आहे, त्याचा उपयोग कर. तेवढ्यात विनेश सर आले आणि त्यांनीही तेच समजावलं. सर चांगले आहेत, त्यांना फक्त हजेरीची काळजी असते. एकीला घे आणि जाऊन ये, ते म्हणाले, सरकारने सवलत दिली आहे ती घ्यावी.

कल्पिताने तिघींकडे पाहिलं. तिघीही तिच्याकडेच पाहत होत्या आणि प्रत्येकीच्या डोळ्यांत उरलेल्या दोघींचं भलं दिसत नव्हतं.

"चपला लावा परत," ती म्हणाली.

या वेळी तिने खुर्ची रांगेच्या कठड्याला चिकटून लावली. खालची रांग सपाटीवर नागमोडी फिरते, तिथे खुर्चीला अडचण नव्हती. अडचण पुढे पायऱ्यांवर होती. चार जोड मांडले गेले, तिघी तिच्या खुर्चीशी जमिनीवर बसल्या आणि चपलांच्या बरोबर मागे येऊन उभे राहिले ते डोंबिवलीकर. नखशिखांत भिजलेले. एकदा बसून झालं होतं, पण बायकोला पुन्हा बसायचं होतं.

"काका," कल्पिता म्हणाली, "मघाशी तुमच्या मागं आमच्या चपला होत्या."

मागे म्हणजे डोंबिवलीकरांच्या जबाबदारीच्या बाहेर, हे तिलाही माहीत होतं. पण रांगेतलं ओळखीचं तोंड तेवढंच होतं.

"होत्या. निळ्या," ते म्हणाले. "मला वाटलं, कुणीतरी विसरून गेलंय."

"चार जोड, एकामागं एक, विसरतं का कोन?"

त्यांच्या बायकोला हसू आलं. मग कल्पिताने त्यांना रांग कशी चालते ते समजावलं. मागच्याने पुढच्याच्या सरकवायच्या. फार जोर लावायचा नाही, अंगठ्याने हळूच. डोंबिवलीकर माणूस वाईट नव्हता, पण त्यांना वाद आवडत असावा. त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की बाळ, रांगेत उभं राहावं लागतं. जो उभा राहतो त्याचा नंबर. नाहीतर सगळेच चपला टाकून सावलीत जातील.

"जाऊ देत की. नंबर तर तोच ऱ्हातो ना."

"पण बाकीचे उभे आहेत ना उन्हात."

"त्यांना कुनी उभं केलंय?" कल्पिता म्हणाली. "रांग नंबराची असते का पायांची?"

आजूबाजूच्या चार-पाच जणांनी नकळत आपापल्या पायांकडे पाहिलं. एवढ्यात रांग हलली. पुढे दोन हातांची जागा झाली. डोंबिवलीकर थांबले, चष्मा पुसला आणि मग त्यांनी अंगठ्याने निळी चप्पल हळूच पुढे ढकलली. एक आणि मग दुसरी. बाकीचे तीन जोड तिथेच राहिले.

"त्या?" कल्पिताने विचारलं.

"त्या मुली उभ्या राहू शकतात की. धडधाकट आहेत."

"मग माझ्याच का सरकवल्या?"

"अगं, तुझी अडचण आहे म्हणून."

"माझी अडचन चौघींची हाय," कल्पिता म्हणाली. "मी एकटी पुढं जाऊन काय करू? एकटीला त्ये धनेशदादा मघाशीच न्येत व्हते."

डोंबिवलीकरांना बायकोने कोपराने ढोसलं. मग त्यांनी उरलेले तीन जोडही सरकवले, ओळीने, आणि नेत्राची एक उलटी झाली होती ती वाकून सुलटी केली.

पुढच्या वळणावर त्यांच्या बायकोने आपल्या सँडल काढल्या, नवऱ्याच्या पुढे ठेवल्या आणि सांगितलं, माझे गुडघे दुखतात, मी बसते झाडाखाली, नंबर आला की हाक मार. डोंबिवलीकर तिला थांबवणार तोवर ती गेली. त्यांच्या मागे एक गुजराती आजोबा होते. त्यांनी सगळं लक्षपूर्वक पाहिलं होतं. त्यांनी आपले बूट काढले, मोजे आत नीट कोंबले आणि सावलीत गेले. त्यांच्या मागच्या कॉलेजच्या मुलांना तर कारणच हवं होतं.

अर्ध्या तासात भोवऱ्याच्या खालच्या रांगेत माणसं दहा आणि चपलांचे जोड सत्तर. ती दहा माणसं वाकून, ढकलून घामाघूम झाली होती. डोंबिवलीकर त्यांत आघाडीवर होते आणि एका फाटक्या फ्लोटरवरून एका तरुणाशी त्यांचा वाद चालला होता, की ही जोडी आधी होती की नंतर. कल्पिता कठड्याशी बसून न्याय देत होती. फ्लोटर गुजराती आजोबांच्या नंतर आणि लाल सँडलच्या आधी. तिच्या आजीचा गुण होता तो. तरुण म्हणाला, पुरावा काय. ती म्हणाली, तुझ्या डाव्या फ्लोटरचा पट्टा तुटलाय आणि तू तो सेफ्टी पिनेने लावलाय, मी बघत होते. तरुणाने फ्लोटर तिने सांगितलं तिथे ठेवला.

नव्याने येणाऱ्यांना रांग दिसतच नव्हती. ते सरळ चालत पायऱ्यांपर्यंत जात आणि मग दहा जण एकदम ओरडत. एका बाईने मोबाइलवर फोटो काढला. ते पाहून वरून मॅनेजर धावत आला.

त्याची अडचण मी समजू शकते. बिचाऱ्याने साहेबांच्या सांगण्यावरून दिव्यांगांसाठी लिफ्ट मोकळी ठेवली होती, पट्टे छापून घेतले होते, बोर्ड लावला होता. आणि आता पिवळा पट्टा बांधलेली मुलगी चाकाच्या खुर्चीत रांगेच्या कडेला पाऊण तास बसलेली, आणि लोकांचे मोबाइल चालू. उद्या हा फोटो कुठे कसा फिरेल हे त्याला आत्ताच दिसत होतं. तो कल्पितासमोर वाकला.

"ताई, मी हात जोडतो. तू आधी वर जा."

"नंबर आल्यावर."

"तुला नंबरच नाही, बाळा."

"हाय की. त्यो बघा," तिने वर बोट केलं. निळी चप्पल पहिल्या पायरीला पोचली होती.

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला विचारलं की नियमात घाई करायची सक्ती कुठे लिहिली आहे का. तो म्हणाला, नाही, पण ती थांबेल असं कुणाला वाटलं नव्हतं. मग त्याने चपला उचलायला दोन माणसं बोलवायचं ठरवलं. तेवढ्यात झाडांखाली सरबताची गाडी लावणारी सगुणा त्याच्याकडे बर्फ मागायला आली. तिचा सगळा बर्फ संपला होता, वडे संपले होते, आणि सत्तर अनवाणी माणसं तिच्याभोवती बसून अजून मागत होती. रोज या वेळेला हीच माणसं रांगेत उन्हात असतात आणि तिच्याकडे कुत्रंही फिरकत नाही. मॅनेजरने झाडांखाली नजर टाकली. बराच वेळ टाकली. मग त्याने दोन माणसांना बोलावलं आणि बर्फ आणायला पाठवलं.

पायऱ्यांवर चपला चढवणं हे वेगळंच काम होतं. अंगठ्याने ढकलून चप्पल वर जात नाही. डोंबिवलीकरांनी चार जोड आणि बायकोच्या सँडल एकावर एक रचल्या, आणि दर वेळी रांग हलली की गठ्ठा उचलून वरच्या पायरीवर पुन्हा क्रमाने मांडू लागले. कल्पिता खालून मान वर करून बघत होती आणि क्रम चुकला की हाक मारत होती. तिसाव्या पायरीनंतर ते दिसेनासे झाले. मग तिला फक्त विश्वास ठेवायचा होता, आणि तेच तिला सगळ्यांत जड गेलं. तिने माझा हात धरला. माझ्या हातावर तिची नखं उमटली होती ती मला घरी गेल्यावर दिसली.

सव्वातीनला सदूमामा बस सोडून आत आले आणि चार वाजायला किती मिनिटं आहेत ते सांगून गेले. साडेतीनला पुन्हा आले. विनेश सर कपाळ पुसत म्हणाले, बाई, तुम्ही तिला सांगा, एकीबरोबर जाऊन ये म्हणावं, नाहीतर चौघींचंही राहील. ते चुकीचं बोलत नव्हते. मी कल्पिताला तसं सांगितलं. तिने विचारलं, मी जाऊ का बाई? मी म्हटलं, तुझा नंबर आहे, तू ठरव.

तिने ठरवायच्या आत वरून धनेशचा आवाज आला. शिटी वाजवून तो कठड्यावरून वाकला होता.

"निळी, पिवळ्या फुलाची. आणि पाठच्या तीन."

शिवानी, नेत्रा आणि तुळशी सदुसष्ट पायऱ्या कशा चढल्या हे त्यांनाही सांगता येणार नाही. मी खुर्ची घेऊन लिफ्टकडे पळाले, म्हणजे माझ्या वयात जेवढं पळता येतं तेवढं. वर पोचलो तेव्हा तिघी पायऱ्यांच्या तोंडाशी धापा टाकत होत्या आणि डोंबिवलीकर चपलांजवळ पहारेकऱ्यासारखे उभे होते. त्यांच्या मागच्या एका बाईने कुरकुर केली, की ही लिफ्टमधून आली, मग मध्ये कशी. डोंबिवलीकर तिच्यावर असे वळले की जणू त्यांनी आयुष्यभर दुसरं काही केलंच नव्हतं. "मध्ये नाही," ते म्हणाले, "ही दीड तास माझ्या पुढे आहे."

धनेशने कल्पिताला उचलून होडीत ठेवलं. तुळशी तिच्या समोर, शिवानी आणि नेत्रा दोन्ही बाजूंना. चौघींनी एकमेकींचे हात इतके घट्ट धरले की धनेशला सांगावं लागलं, हात सोडा आणि होडीच्या कड्या धरा. त्यांनी एक हात सोडला. मग त्याने पायाने होडी ढकलली.

मी लिफ्टने खाली आले तोवर त्या तळ्यात येऊन पडल्या होत्या. तुळशी पुन्हा रडत होती, या वेळी हसत. नेत्राच्या नाकात पाणी गेलं होतं. शिवानी म्हणत होती की तिने डोळे मिटलेच नाहीत, आणि बाकी तिघी म्हणत होत्या की मिटले. कल्पिताच्या केसांतून पाणी गळत होतं आणि ती वर मनोऱ्याकडे बघत होती.

"झालं?" तिने विचारलं. "येवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं.

"परत."

तीन वाजून अडतीस मिनिटं झाली होती. रांग पुन्हा तासाभराची होती, जवळजवळ सगळी चपलांची. नेत्रा म्हणाली, आता कसला नंबर लागतोय. कल्पिताने मनगटावरचा पिवळा पट्टा वर केला आणि पाहिला, जणू तो तिला आत्ताच दिसला.

पहिल्यांदा तिने शिवानीला नेलं. लिफ्टने वर, पुढच्याच होडीत, खाली. सहा मिनिटं. मग नेत्राला. धनेशला इतका आनंद झाला होता की तो दर वेळी शिटी वाजवत होता, शेवटी त्याचा नियम कुणीतरी वापरत होतं. बाकीची पोरं तळ्याच्या काठावर उभी राहून वेळ मोजत होती आणि विनेश सर फाटकाशी सदूमामांना बोलण्यात गुंतवत होते.

ती तुळशीला घेऊन तिसऱ्यांदा लिफ्टकडे निघाली तेव्हा डोंबिवलीकर वाटेत आडवे आले. ते भिजून तळ्याबाहेर निघाले होते, आणि बायकोच्या आग्रहावरून रांगेच्या शेवटी दोघांच्या चपला पुन्हा मांडून उभे होते. त्यांनी आधी तिच्या पट्ट्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आता हे कसं?" त्यांनी विचारलं. "मघाशी तर नंबर, नंबर."

"मघाशी आमी चौघी व्हतो," कल्पिता म्हणाली. "आता मना घाई हाय."

आणि तुळशीने खुर्ची ढकलली. लिफ्टचं दार बंद झालं.

डोंबिवलीकर माझ्याकडे वळले. ते रागावले नव्हते, त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. "बाई, तुम्ही शिक्षिका. सांगा, हे बरोबर आहे का?"

बाहेर सदूमामांनी हॉर्न वाजवला. मी म्हटलं, "विचार करून सांगते. तोवर तुमच्या पुढच्या चपला सरकवा, रांग हलली."